जलपर्णी आणि विद्युत नौका

जलपर्णी आणि विद्युत नौका : पाणवनस्पतींनी भरलेल्या अंतर्गत जलमार्गांत बॅटरीवरच्या नौका चालवताना येणारी अडचण व तिच्यावरचे उपाय. भारतात हा प्रश्न केरळात ठळकपणे दिसतो. तेथील वेंबनाड सरोवरात जानेवारी २०१७ मध्ये वैकमहून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची, देशातील पहिली सौर फेरीबोट सुरू झाली. कोचीची वॉटर मेट्रो, म्हणजे विद्युत नौकांची शहरी सेवा, एप्रिल २०२३ मध्ये आली.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. पुणेकरांना ती मुळा-मुठेच्या पात्रात वेगळी दाखवावी लागत नाही. केरळात तिच्या जोडीला साल्व्हिनिया ही तरंगणारी पाणवनस्पती असते. लोक तिला ‘आफ्रिकन पायल’ (मल्याळम ‘पायल’ म्हणजे शेवाळ) म्हणतात, पण तीही ब्राझीलचीच.

या वनस्पतींचे देठ आणि झुपकेदार मुळ्या नौका ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला गुंडाळल्या की डिझेल इंजिन धापा टाकते, प्रसंगी बंद पडते. विद्युत मोटर थांबलेल्या अवस्थेतूनही पूर्ण पीळ (फिरवण्याचा जोर, टॉर्क) देते, त्यामुळे ती ओढतच राहते. हा गुण इथे फसवा ठरतो. मोटर जास्त प्रवाह खेचते, तापते, बॅटरी भराभर उतरते. आणि इंजिनाचा बदललेला आवाज ऐकून सावध होण्याची सोय नसते. वेग पडला आणि ॲम्पिअर चढले, की पंख्यात काही अडकले असे समजावे. मग थांबून पंखा उलटा फिरवायचा. मोटरला हे गिअरशिवाय जमते आणि सैल वेढा बहुधा सुटतो. घट्ट बसलेला हातानेच कापावा लागतो. इंग्लंडच्या कालव्यांतल्या अरुंद बोटींना त्यासाठी पंख्याच्या वर झाकणाची खिडकीच असते. मागे झुकलेल्या पात्यांचे पंखे आणि दांड्यावर बसवलेली कापणी पाती यांचाही उपयोग होतो. सर्वांत स्वस्त उपाय वेग कमी करण्याचा : वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती ढोबळमानाने अष्टमांशावर येते.

जलपर्णीला खारे पाणी सोसत नाही. कुट्टनाडच्या भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून १९७० च्या दशकात वेंबनाडवर तण्णीरमुक्कम बंधारा उभा राहिला. त्याची दारे कोरड्या हंगामात बंद असतात. तेव्हा दक्षिणेकडचे पाणी गोडे राहते आणि जलपर्णीचे फावते. दारे उघडली की भरतीचे पाणी आत येते व ती मरू लागते. भातशेतकऱ्यांना दारे बंद हवी असतात, मच्छीमारांना उघडी. नौकांची वाट या जुन्या वादात अडकलेली आहे.