ज्याच्यासाठी बांधलं, त्याने पाहिलंच नाही

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये राजघराण्यातल्या माणसाने ऑपेरा पाहायला जाणं हे जिवावरचं काम होतं. फेब्रुवारी १८२० मध्ये बेरीचा ड्यूक, म्हणजे फ्रान्सच्या राजाचा पुतण्या, बायकोला बग्गीत बसवून देण्यासाठी ऑपेरा हाउसच्या दाराबाहेर आला आणि एकाने त्याला भोसकलं. त्याला उचलून आत नेलं, पहाटे तिथेच तो गेला. नाचगाण्याच्या जागी मरणाऱ्याचे अखेरचे धर्मविधी करावे लागले, हे काही चर्चच्या पचनी पडेना. शेवटी ती इमारतच पाडली.

मग ल पेल्तिए नावाच्या रस्त्यावर घाईघाईत नवं थिएटर उभं राहिलं. तात्पुरतं, असं सगळे म्हणत होते. आपल्याकडे तात्पुरते म्हणून टाकलेले पत्रे जसे दोन पिढ्या निघत नाहीत, तसं हे थिएटर १८२१ पासून बावन्न वर्षं चाललं. त्याच्याच दारात १४ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी तिसऱ्या नेपोलियनची बग्गी येऊन ठेपत असताना ऑर्सिनी नावाच्या इटालियन क्रांतिकारकाने आणि त्याच्या साथीदारांनी तीन बाँब टाकले. आठ जण ठार झाले, दीडशेच्या आसपास जखमी झाले. सम्राट आणि सम्राज्ञी युजेनी थोडक्यात वाचले आणि कपडे झटकून आत खेळाला जाऊन बसले. अरुंद रस्ता आणि खेटून उभी गर्दी या बेताला सोयीचीच होती. आता मोकळ्या जागेत, चारी बाजूंनी रस्ते असलेलं आणि सम्राटाची बग्गी थेट पोटात घेईल असं थिएटर हवं होतं. आज पर्यटक पाले गार्निए नावाच्या ज्या सोनेरी ऑपेरा हाउससमोर सेल्फी काढतात, त्याची ही सुरुवात. ते उभं राहिलं ऐश्वर्याच्या हौसेने, असं सांगण्याची पद्धत आहे. मला त्यात भीतीचा वाटा मोठा दिसतो.

त्याच सुमारास ओसमान नावाचा प्रशासक जुनं पॅरिस पाडून रुंद, सरळ रस्ते काढत होता. त्यातल्याच एका रस्त्याच्या टोकाला जागा ठरली. डिसेंबर १८६० मध्ये स्पर्धा जाहीर झाली, मुदत फक्त एक महिना. तरीही १७१ आराखडे आले. जिंकला तो पस्तिशीतला, फारसं कुणाला ठाऊक नसलेला शार्ल गार्निए. बाप लोहारकाम करणारा, लहानपण गरीब वस्तीत गेलेलं. स्पर्धेत नाव लिहायचं नव्हतं, ओळखीपुरतं एक बोधवाक्य द्यायचं होतं. याने दिलं ते इटालियनमधलं: इच्छा फार, आशा थोडी. युजेनीच्या मर्जीतला वास्तुकार व्हियोले-ल-द्यूक पहिल्याच फेरीत बाद झाला होता. तिने गार्निएचा आराखडा पाहून नाक मुरडलं आणि विचारलं, ही कसली शैली? ना ग्रीक, ना पंधराव्या लुईची, ना सोळाव्या. गार्निए म्हणाला, ‘बाईसाहेब, ही तिसऱ्या नेपोलियनची शैली.’ किस्सा इतका नेटका आहे की थोडा घासूनपुसून घेतलेला असावा, पण तो दीडशे वर्षं सांगितला जातोय.

पाया खणायला घेतला आणि पाणी लागलं. इथे रंगमंचाखालीही भरपूर खोली हवी होती, कारण सबंध देखावा खाली उतरवायचा किंवा खालून वर काढायचा म्हणजे जमिनीखाली तेवढे मजले लागतात. वाफेवरचे पंप आठ महिने रात्रंदिवस चालले. पाणी पुरतं हटेना, तेव्हा गार्निएने त्याच्याशी तडजोड केली. तळाशी दुहेरी भिंतींचं, काँक्रीटचं प्रचंड टाकं बांधलं आणि त्यात पाणीच भरलं. बाहेरच्या पाण्याचा रेटा आतल्या पाण्याच्या वजनाने तोलला गेला. वर आग लागली तर पाणी हाताशी, हा आणखी एक फायदा. पॅरिसकरांनी मात्र या टाक्याचं तळं केलं, तळ्याची नदी केली आणि पुढे एका कादंबरीने त्या तळ्याकाठी भूत राहायला पाठवलं. टाकं आजही भरलेलं आहे आणि तिथे अग्निशमन दलाचे जवान अंधारात पोहण्याचा सराव करतात.

वरची इमारत बाहेरूनच वाचता येते. पुढे फोयेचा, म्हणजे मध्यंतरातल्या दालनाचा, खांबांनी नटलेला दर्शनी भाग. त्यामागे चपटा हिरवट घुमट, त्याखाली प्रेक्षागृह. त्याच्याही मागे सगळ्यात उंच तिकोनी छपराचा ठोकळा, तो रंगमंचाचा. आत लोखंडाचा सांगाडा आहे, पण गार्निएने तो दगड, संगमरवर आणि सोन्याखाली असा झाकला की दिसता कामा नये.

खरा खेळ जिन्यावर सुरू होतो. पांढऱ्या संगमरवराच्या रुंद पायऱ्या वर जाता जाता दोन्हीकडे फुटतात आणि चहूबाजूंनी सज्जे आहेत. तिथे उभं राहायचं आणि खालून कोण कुणाबरोबर येतंय, काय घालून येतंय ते न्याहाळायचं. लग्नात कार्यालयाच्या दारापाशी खुर्ची टाकून येणाऱ्या प्रत्येकीच्या पैठणीचा हिशेब करणाऱ्या आज्या आठवा. गार्निएने त्यांच्यासाठी तीस मीटर उंच दगडी सोय केली होती. पुढे आरशांनी भरलेला ५४ मीटर लांबीचा फोये, मध्यंतरात मिरवायला. या सगळ्यापुढे प्रेक्षागृह लहानच वाटतं: सुमारे दोन हजार जागा, लाल मखमल, घोड्याच्या नालासारखा आकार. हा आकार इटलीतून आला. व्हेनिसमध्ये १६३७ मध्ये तिकीट काढून कुणालाही जाता येईल असं पहिलं ऑपेरा हाउस उघडलं. बॉक्स, म्हणजे भिंतीलगतचे खासगी सज्जे, घराण्यांना भाड्याने द्यायचे आणि त्यावर थिएटर चालवायचं, हा तिथला धंदा. कडेच्या बॉक्समधून रंगमंच अर्धामुर्धा दिसतो, समोरचा बॉक्स मात्र लख्ख. लोकांची त्याला हरकत नव्हती. पॅरिसनंतर दीड वर्षातच वाग्नर या संगीतकाराने जर्मनीत बायरॉइटला नेमकं उलटं थिएटर उघडलं. बॉक्सच्या रांगा काढून टाकल्या, पंख्यासारख्या पसरलेल्या ओळी ठेवल्या, वादक नजरेआड खड्ड्यात बसवले आणि प्रेक्षागृहात अंधार केला. आज आपण नाटकाला अंधारात गप्प बसतो ते त्याच्या शिस्तीने. पण जिना बघायला मी गार्निएकडेच जाईन.

आवाजाचं काय? गार्निएने बरीच पुस्तकं चाळली, थिएटरं पालथी घातली आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की ध्वनिशास्त्राचा कुठलाच नियम हाती लागला नाही. वर जाणाऱ्या फुग्याच्या दोरांना डोळे मिटून लटकलेल्या कसरतपटूसारखी आपली गत होती. आवाज चांगला निघाला, हे नशीब.

पडद्यामागची भाषा अजून जुनीच आहे. डावी-उजवी विंग म्हणत नाहीत. एक बाजू ‘अंगण’, दुसरी ‘बाग’, कारण कधीकाळी त्विलरी राजवाड्यातल्या थिएटरला एका अंगाला अंगण होतं आणि दुसऱ्या अंगाला बाग. दोर हा शब्द रंगमंचावर उच्चारायचा नाही. पडदे ओढायला पूर्वी खलाशी असत, त्यांचा तो अपशकुन. दिवे सांभाळणाऱ्या यंत्रणेला ‘ऑर्गन’ म्हणतात. गॅसच्या काळात नळ्यांची रांग ऑर्गनच्या नळ्यांसारखी दिसायची, तेव्हापासून. रंगमंचाला पाच टक्के उतार आहे. मागच्या बाजूला नर्तिकांच्या सरावाचं दालन आहे, तिथली जमीनही तशीच उतरती, पायांना सवय राहावी म्हणून.

त्या दालनाची दुसरी बाजू काळी. वर्षाचे पैसे भरणाऱ्या श्रीमंत पुरुषांना तिथे मुभा होती आणि गरीब घरातल्या कोवळ्या मुली तिथे त्यांच्यासमोर उभ्या असत. देगाच्या चित्रांत कोपऱ्यात काळी टोपी घातलेला जो पुरुष दिसतो, तो हाच. इमारतीच्या पूर्वेला या वर्गणीदारांसाठी वेगळं प्रवेशद्वारच आहे. सभ्यतेचा आव मात्र पक्का. १८६९ मध्ये दर्शनी भागावरचं कार्पोचं नाचणाऱ्या नग्न स्त्रियांचं शिल्प उघड झालं, तेव्हा अश्लील म्हणून ओरड झाली आणि एका रात्री कुणीतरी त्यावर शाईची बाटली फोडली.

१८७० मध्ये प्रशियाशी युद्ध झालं, सम्राट कैद झाला, साम्राज्य कोसळलं. अर्धवट इमारतीत वेढ्याच्या काळात धान्याची पोती रचली. नव्या प्रजासत्ताकाला जुन्या सम्राटाच्या चैनीवर पैसे घालायची इच्छा नव्हती. रखडलेलं काम पुन्हा सुरू झालं ते आगीमुळे. ऑक्टोबर १८७३ मध्ये ते ‘तात्पुरतं’ थिएटर एका रात्री पेटलं आणि दुसऱ्या दिवशीही जळत राहिलं. रंगवलेले कापडी पडदे, लाकूड आणि गॅसचे दिवे; ठिणगी पडली की संपलं. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा त्याच्या ज्वाळा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पॅरिसला आता ऑपेराच उरला नव्हता, म्हणून तिजोरी उघडली. ५ जानेवारी १८७५ ला उद्घाटन झालं, स्पेनचा राजा आला, लंडनचा लॉर्ड मेयर आला. चौदा वर्षं खपलेल्या गार्निएला मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या बॉक्ससाठी १२० फ्रँक मोजावे लागले. वर्तमानपत्रांनी सरकारची यथेच्छ टिंगल केली.

पुढचं थोडक्यात. १८९६ मध्ये झुंबराचं एक तोलवजन तुटून खाली पडलं आणि एक बाई दगावली. १९६४ मध्ये शगालने छताला नवं चित्र दिलं. जुनं त्याच्या मागे तसंच आहे. १९८९ पासून मोठे ऑपेरा बहुतेक पॅरिसमधल्याच बास्तीयच्या नव्या इमारतीत होतात, इथे मुख्यतः बॅले.

पश्चिमेच्या बाजूला बाहेरून एक वळणदार चढण वर जाते. सम्राटाची बग्गी तिथून थेट आत येणार होती, दारातल्या गर्दीला आणि बाँबला चुकवून. तिसरा नेपोलियन उद्घाटनाच्या दोन वर्षं आधी, जानेवारी १८७३ मध्ये, इंग्लंडमध्ये परागंदा अवस्थेत मेला. त्याच्या दालनाचं काम तिथेच थांबलं. आता तिथे ऑपेराचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे. सोन्याने मढवलेल्या या इमारतीत तेवढ्या भागातले काही दगड अजून ओबडधोबड आहेत, टाकीचा शेवटचा हात न फिरलेले.