अधीन असणे आणि आज्ञा मानणे : सोलापूरच्या मिशनमागचा एक जुना वाद

मे १९३० मध्ये सोलापुरात जे घडले, त्याची रूपरेषा शहरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गांधीजींच्या अटकेची बातमी आली, हरताळ झाला, ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले, काही दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीच शहर सांभाळले आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, होता. डोक्यावर गांधी टोपी असणे हाच त्या काळात गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. याच शहरात १८६० च्या दशकापासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. अन्यायी सत्तेपुढे ख्रिस्ती माणसाने काय करावे, हा प्रश्न त्या मिशनला नवा नव्हता. त्याचा जन्मच त्या प्रश्नातून झाला होता.

वादाचे मूळ पवित्र शास्त्रातच आहे. ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे, कारण अधिकार देवापासून आहे, असे म्हटले आहे. उलट प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र आणि इतर प्रेषित यरुशलेमेच्या न्यायसभेला तोंडावर सांगतात, की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. ही दोन वचने एकमेकांविरुद्ध उभी करण्याची सवय जुनी आहे, पण शब्दांकडे नीट पाहिले तर तिढा थोडा सैल होतो, कारण मूळ ग्रीकमध्ये पौलाचा ‘अधीन असणे’ हा शब्द आणि पेत्राचा ‘आज्ञा मानणे’ हा शब्द वेगवेगळे आहेत. चुकीचा हुकूम नाकारून त्याची शिक्षा पळून न जाता सोसणारा माणूस आज्ञा मोडतो, पण एका अर्थाने अधीनच राहतो. पौलाचे स्वतःचे वागणेही लक्षात घ्यावे. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा तो हलायला तयार झाला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे, असे त्याने कळवले. अधिकारी घाबरून आले. तेरावा अध्याय लिहिणारा माणूस हाच, हे तो अध्याय उद्धृत करणाऱ्यांना फारसे आठवत नाही.

पुढच्या शतकांत दोन्ही वचनांचा वापर सोयीनुसार झाला. सम्राट थिओडोसियसने थेस्सलनीकेत कत्तल घडवल्यावर मिलानच्या अँब्रोझ बिशपने ३९० मध्ये त्याला प्रायश्चित्त घ्यायला लावले. जर्मनीत मात्र हिटलरच्या काळात चर्चच्या मोठ्या भागाने तेराव्या अध्यायाची ढाल पुढे केली आणि विरोध करणारा डीट्रिख बॉनहॉफर एप्रिल १९४५ मध्ये फासावर गेला.

आपल्याकडची कथा १८१३ मध्ये सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला आले, ते कंपनी सरकारने कलकत्त्याहून परत जाण्याचा हुकूम दिलेला असताना. मुंबईतही तोच हुकूम झाला. ते गुपचूप कोचीनला निघून गेले, त्यांना परत आणले गेले, तेव्हा त्यांनी गव्हर्नर इव्हान नेपियनला पत्र लिहून सरळ सदसद्विवेकाचा आधार घेतला. अखेर त्यांना राहू दिले गेले. मराठी मिशनचा पाया हुकूम न मानण्यावर घातला गेला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

सोलापूरहून पुण्याला जाणारी गाडी दौंड ओलांडते, आणि थोड्याच वेळात केडगाव येते. तिथल्या, निराधार स्त्रियांसाठीच्या मुक्ती सदनाच्या पंडिता रमाबाई या वादातले सर्वांत ठसठशीत मराठी उदाहरण आहेत. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते खोडून काढले, प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. रमाबाईंना संरक्षण देणारे पद नव्हते, आणि त्यांच्या कामाला लागणारा पैसा परदेशातून येत होता, ही बाजूही विसरू नये.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने उघड टीकेचे हे दार परदेशी मिशनरींसाठी बंद केले. ब्रिटिशेतर मिशनरींना भारतात काम करायचे असेल, तर स्थापित सरकारला योग्य ती आज्ञाधारकता व आदर देऊ आणि राजकारणात पडणार नाही, असे लेखी द्यावे लागू लागले. म्हणजे १९३० च्या मार्शल लॉच्या आधीच अमेरिकन मिशनरींचे हात एका सहीने बांधलेले होते. मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे होते, त्याच बोर्डाच्या मदुराई मिशनमधील राल्फ कायथान यांनी गांधीजींच्या गोटातील एका इंग्रजाला घरी ठेवून घेतले, आणि १९३० मध्येच त्यांना देश सोडावा लागला. भारतीय ख्रिस्ती माणसाने अशी सही केलेली नव्हती, अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा गांधीजींचे ‘यंग इंडिया’ साप्ताहिक सांभाळताना तुरुंगात गेले ते त्यामुळेच शक्य झाले.

सोलापुरात मात्र आणखी एक अवघड गोष्ट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली शहरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती, तिथल्या माणसांना हजेरी द्यावी लागे आणि त्यांतले अनेक गिरण्यांत राबत. मुंबई इलाख्यातल्या काही अशा वसाहती सरकारने मिशनरी संस्थांकडे चालवायला दिल्या होत्या. शाळा, दवाखाना, काम यांमुळे लोकांचे बरे झाले असेलही, पण जन्मालाच गुन्हा ठरवणारा कायदा त्याच हातांनी राबवला जात होता, आणि हुकूम नाकारण्याविषयी लिहिणारे धर्मशास्त्र या सेवाभावी सहभागाविषयी फारसे बोलत नव्हते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुंपण गेले, वस्तीला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात.