पाटली पाण्यात तोलून बघा

दिवाळीच्या आधीचं पुष्य नक्षत्र आलं की इंदूरचा सराफा नुसता फुलून जातो, दिवसा पाय ठेवायला जागा नाही आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याच्या कीसाची खवय्यांची गर्दी. आणि त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच येतो, "सोनं असली की नकली, घरच्या घरी ओळखा". अंगठीवर व्हिनेगर ओततात, मग चुंबक लावतात, मग ग्लासभर पाण्यात सोडतात, अंगठी तळाशी गेली की खाली लिहून येतं "शंभर टक्के शुद्ध". अहो, पितळेची अंगठी काय तरंगते का? शिसं बुडतं, तांबं बुडतं, लोखंडाचा खिळा बुडतो. नुसतं बुडण्यावरून काही कळत नाही, पण बुडाल्यावर वजन कितीने कमी झालं यावरून बरंच कळतं, आणि मला हा लेख खरं तर त्याच्यासाठीच लिहायचा आहे, म्हणून बाकीचं भराभर उरकतो.

चुंबक. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण चांदी, तांबं, पितळ, शिसं, जस्त यातलंही काहीच चिकटत नाही, आणि भेसळ नेमकी यांचीच होते. चुंबकाने फक्त लोखंड किंवा निकेल पकडलं जातं. उलट अस्सल सोन्याच्या चेनचा फासा कधीकधी चुंबकाकडे ओढला जातो कारण त्याच्या आत स्टीलची बारीक स्प्रिंग असते, तेवढ्यावरून बिचाऱ्या सोनाराशी भांडायला जाऊ नका.

व्हिनेगर तर अगदीच कमजोर आम्ल, त्याने "वन ग्रॅम गोल्ड"चा हारसुद्धा छान पास होतो कारण त्याच्या वरचा पातळ थर सोन्याचाच असतो. आणि तोच प्रयोग कोणी नथीवर केला तर मोत्यांचं वाटोळं, मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते व्हिनेगरमधे विरघळतं. दाताने चावून बघणं म्हणजे मऊपणा बघणं, त्यात शिसं सोन्याला सहज हरवेल.

पण या सगळ्यात मूळ घोळ वेगळाच आहे. आपण विचारतो "सोनं आहे का नाही", आणि बाजारातली फसवणूक आजकाल बहुतेक वेळा "सोनं आहे, पण किती आहे" या जागी होते. निव्वळ पितळेची पाटली सोन्याची म्हणून खपवणं कठीण, पण २२ कॅरेट सांगून १८ चा माल देणं सोपं, डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. कॅरेट म्हणजे २४ भागांपैकी किती भाग सोनं, २२ म्हणजे हजारात ९१६, १८ म्हणजे ७५०, बाकी तांबं-चांदी-जस्त. सराफ्यात याला टंच म्हणतात, ९२ टंच, ७५ टंच. तेव्हा घरी करायची परीक्षा अशी हवी की ती टंचाच्या जवळपास तरी पोचेल, आणि नुसता पृष्ठभाग न चाटता दागिन्याच्या पोटात शिरेल.

आता पाणी. सोन्याची घनता १९.३, म्हणजे एक घनसेंटिमीटर सोनं १९.३ ग्रॅम भरतं. शिसं ११.३, चांदी १०.५, तांबं जेमतेम ९, पितळ साधारण साडेआठ. सोनं इतकं जड आहे की त्यात काहीही स्वस्त धातू मिसळला की घनता धाडकन खाली येते. २२ कॅरेटची घनता भेसळ चांदीची की तांब्याची यावर १७.६ ते १८ च्या मधे असते, १८ कॅरेटची १५ ते १६. दोघांमधे चांगली फट आहे, ती मोजता आली की काम झालं.

मोजायचं कसं? वजन करणं सोपं, पण आकारमान कसं काढणार, वेलबुट्टीच्या पाटलीला पट्टी लावून तर मोजता येत नाही. इथे आर्किमिडीजची टबमधून उघडा धावल्याची गोष्ट सगळे सांगतात, ती गोष्ट आपल्याला व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन माणसाकडून मिळालेली आहे आणि त्याने ती लिहिली आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. त्यात राजाच्या सोन्याच्या मुकुटातली भेसळ पकडायला मुकुट बुडवून सांडलेलं पाणी मोजलं असं आहे. करून बघा, पाणी भांड्याच्या काठावर फुगून थांबतं, थेंब ओघळतात, एवढ्याशा फरकाचा पत्ताच लागत नाही. हीच शंका गॅलिलिओला आली होती, १५८६ मधे तो २२ वर्षांचा होता तेव्हा त्याने लिहून ठेवलं की आर्किमिडीजने सांडलेलं पाणी मोजलं नसणार, वस्तू पाण्यात लोंबकळत ठेवून तराजूने तोललं असणार. मला गॅलिलिओचंच पटतं.

आपल्याकडे त्याहून सोपी युक्ती आहे. शून्य पॉइंट शून्य एक ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या (किचनमधला एक ग्रॅमवाला चालणार नाही), आधी पाटलीचं कोरडं वजन लिहून ठेवा, समजा २४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्य करा. पाटलीला बारीक दोरा बांधा आणि हातात न धरता वर एखादी आडवी काठी ठेवून तिला लटकवा, अशी की पाटली पूर्ण पाण्यात बुडेल पण पेल्याच्या तळाला किंवा बाजूला कुठेही टेकणार नाही. आता काट्यावर बघा. पाटली टांगलेली आहे, पेल्यावर तिचा भार नाही, तरी आकडा शून्य राहत नाही! १.३५ ग्रॅम दाखवतो.

का? कारण पाणी पाटलीला वर ढकलतं, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने पाटली पाण्याला तेवढ्याच जोराने खाली ढकलते, आणि तो धक्का पेल्यातून काट्याला लागतो. पाणी वर किती ढकलतं? जेवढं पाणी बाजूला सारलं गेलं त्याच्या वजनाइतकं. आणि पाण्याची घनता एक, म्हणजे १.३५ ग्रॅम पाणी म्हणजे १.३५ घनसेंटिमीटर जागा, म्हणजे काट्यावरचा आकडा हेच पाटलीचं आकारमान. पाटलीचं उरलेलं २२.६५ ग्रॅम वजन दोरा उचलून धरतोय, पाटली चुकून तळाला टेकली तर दोरा ढिला पडून तेही काट्यावर येईल आणि हिशोब कोसळेल. भागाकार करा, २४ भागिले १.३५, आलं १७.८. बावीस कॅरेटच्या घरात. हीच पाटली १८ कॅरेटची असती तर आकडा १.५५ च्या आसपास आला असता आणि पितळेची असती तर २.८. कुठला रंग नाही, आम्ल नाही, ओरखडा नाही, आणि वरती मुलामा कितीही जाड असो, आतलं पितळ लपत नाही कारण पाणी सगळ्या आकारमानाचा हिशोब मागतं. मला तर हे आकडे समोर यायला लागले की घरातले सगळे दागिने एकेक करून लटकवावेसे वाटतात, घरचे वैतागतात ती गोष्ट वेगळी.

काळजी एवढीच, नक्षीत हवेचे बुडबुडे अडकतात, एकेक बुडबुडा आकारमान वाढवतो आणि चांगलं सोनं उगाच हलकं ठरतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंबभर टाका आणि पाटली दोऱ्यावरच हलकेच झटका. आणि २ ग्रॅमच्या अंगठीला ही पद्धत लावू नका, तिचं आकारमान ०.११ च्या आसपास, काटा ०.०१ ने इकडेतिकडे झाला तरी नऊ टक्क्यांची चूक, त्यातून कॅरेट निघत नाही. खडे असलेला दागिना नको, मोती नको. पोकळ तोडे नकोत. आणि आजीची बोरमाळ तर अजिबात नको, तिचे मणी बऱ्याचदा पातळ पत्र्याचे आणि आत लाख भरलेले असतात, घनता इतकी खाली येईल की आजीला कोणीतरी फसवलं असं वाटून घरात रडारड व्हायची.

एक धातू मात्र या पद्धतीला चकवू शकतो, टंगस्टन, घनता १९.२५. म्हणून शुद्ध सोन्याच्या बिस्किटात टंगस्टन भरून फसवण्याचे प्रकार जगात झालेत. दागिन्यात ते अवघड, टंगस्टन वितळतं ३४२२ अंशाला आणि ठिसूळ, त्याची पाटली वळवणार कोण. बिस्किट असेल तर आवाजाच्या वेगावरून पकडतात, सोन्यात ध्वनी सेकंदाला सव्वातीन किलोमीटर जातो, टंगस्टनमधे पाच किलोमीटरच्या वर.

सराफ्यात जुनी मोड द्यायला गेलात तर आधी कसोटी निघते. काळ्या दगडावर दागिना घासून रेघ ओढतात, शेजारी माहितीच्या टंचाच्या सुईची रेघ, दोन्हीवर तेजाब म्हणजे जहाल आम्ल, आणि कुठली रेघ किती विरते ते बघतात. जाणता सराफ आधी कानशीने जरा खोल खाच करतो म्हणजे मुलाम्याखालचं कळतं. नजर मुरलेली असेल तर बरोबर अंदाज येतो, पण तो अंदाजच.

आता मशीन. "मशीन पे चेक करवा लो" म्हणतात ते एक्स-रे फ्लुरोसन्सचं. क्ष-किरण दागिन्यावर पडला की अणूतला आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, त्या रिकाम्या जागी बाहेरचा उतरतो आणि उतरताना फरकाची ऊर्जा क्ष-किरण म्हणून सोडतो, ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली. सोन्याची ९.७ आणि ११.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तांब्याची ८.०, जस्ताची ८.६, चांदीची २२.२. या ऊर्जा अणुक्रमांकाप्रमाणे शिस्तीत वाढत जातात हे १९१३ मधे हेन्री मोज्लेने दाखवलं, आणि दोन वर्षांनी २७ व्या वर्षी तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, विज्ञानाचं केवढं नुकसान. असो. मशीन अर्ध्या मिनिटात टंच छापून देतं, पण सोनं स्वतःच क्ष-किरण इतके शोषतं की मशीनला वरचे काही मायक्रॉनच दिसतात, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. मुलामा जाड असला की मशीनही फसतं, आणि तिथे आपलं पाणी फसत नाही, हे मी मुद्दाम सांगतोय.

शेवटचा शब्द आगीचा. दागिन्यातून पाव ग्रॅमभर तुकडा कापून त्यात चांदी घालतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत हजार अंशांच्या वर तापवतात. शिशाचं ऑक्साइड होतं आणि तांबं-जस्त बरोबर घेऊन ते वाटीत जिरून जातं, उरते सोनं-चांदीची गोळी. ती ठोकून, लाटून नायट्रिक आम्लात उकळली की चांदी निघून जाते, राहिलेल्या सोन्याचं वजन करायचं. पण कापलेला तुकडा सगळ्या मालाचा प्रतिनिधी असायला हवा, आणि "खोदकामात हंडा सापडला" म्हणून येणारे ठग नेमकं इथेच खेळतात, तपासायला देतात तो मणी अस्सल असतो आणि पोत्यातले बाकीचे पितळेचे.

जाता जाता, अंगावर सोनं काळं पडलं की "बाईच्या अंगात उष्णता आहे" किंवा "कोणाची तरी नजर आहे" म्हणणारे अजूनही आहेत. घामाने आणि हवेतल्या गंधकाने भेसळीतलं तांबं-चांदी काळवंडतं, आणि मेकअपच्या पावडरीतले कठीण कण सोनं घासतात, त्याची अतिबारीक भुकटी काळी दिसते. नजर वगैरे काही नाही. आणि पुष्य नक्षत्रावर घेतलेलं १८ कॅरेट नक्षत्रामुळे २२ चं होत नाही. दुकानातला "केडीएम" शब्दही तसलाच, तो शुद्धतेचा शिक्का नाहीच, तो टांक्याला म्हणजे तुकडे जोडायला कॅडमियम वापरल्याचा दाखला आहे, आणि कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक.

नवीन घेताना मात्र पेला-दोरा घेऊन दुकानात बसायची गरज नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर लागतो, सोबत बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि २२के९१६ सारखी शुद्धता. २ ग्रॅमच्या आतले दागिने आणि कुंदन-पोलकी यातून वगळलेत. दुकानातच भिंग मागा, नंबर "बीआयएस केअर" अॅपमधे टाका आणि फक्त शुद्धता बघून खूश होऊ नका, वस्तूचा प्रकार पण वाचा, हातात चेन आणि अॅपमधे अंगठी असेल तर नंबर दुसऱ्याचा उचललेला आहे. घरातलं जुनं बिनहॉलमार्क सोनं मान्यताप्राप्त केंद्रात तपासून मिळतं, २०२२ मधे चार नगांपर्यंत २०० रुपये असा दर बीआयएसने जाहीर केला होता. आणि हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर नियमाप्रमाणे कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो, त्यासाठी पक्कं बिल लागतं, "बिना बिल के सस्ता पड़ेगा" म्हणणाऱ्याकडून घेतलं असेल तर मग पाण्याचा पेला आणि दोराच.