पत्ताशोध (ऑनलाइन खरेदी) : कोकण किनारा

ऑनलाइन खरेदी करताना ग्राहकाने दोन-चार अक्षरे किंवा पिनकोड टाकला की उरलेला पत्ता सुचवणारी, भरून देणारी आणि जमल्यास तपासणारी संगणकीय सोय म्हणजे पत्ताशोध. पैसे भरण्याआधीचा पत्त्याचा फॉर्म जितका लांब, तितके ग्राहक तो अर्धवट सोडतात. मोबाइलच्या इवल्याशा कळफलकावर तर जास्तच. टंकनाचे कष्ट आणि चुका कमी करणे हा या सोयीचा मूळ हेतू. शहरात तो बऱ्यापैकी साधतो. कोकण किनाऱ्यावर मात्र हीच सोय कधी कधी बरोबर पत्ता चुकवून ठेवते.

याचे कारण ती ज्या प्रकारच्या पत्त्यावर घडली त्यात आहे. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक घरे येतात आणि तिथल्या टपाल खात्याकडे देशातल्या जवळजवळ प्रत्येक पत्त्याची जंत्री आहे. कोड टाका, घर क्रमांक निवडा, काम झाले. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी संचार मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. तो टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून आहे; घर शोधण्यासाठी नाही. देशात सुमारे १९ हजार पिनकोड आणि दीड लाखाहून अधिक टपाल कार्यालये आहेत. म्हणजे एका कोडाखाली अनेक पोस्टे, एका पोस्टाखाली अनेक गावे आणि गावाच्या पोटात वाड्या. तिथला कोड उंबरठ्यापर्यंत नेतो, इथला तालुक्याच्या एका कोपऱ्यात उतरवून परत फिरतो.

शिवाय पिनकोड जिल्ह्याची हद्द पाळत नाही. सातारा ४१५००१ आणि रत्नागिरी ४१५६१२. पहिले तीन आकडे एकच, मध्ये सगळा सह्याद्री. कोल्हापूर शहर आणि मालवण (४१६६०६) दोन्ही ४१६ मध्ये. आणखी गंमत म्हणजे लांजा (४१६७०१) आणि राजापूर (४१६७०२) हे रत्नागिरी जिल्ह्यातले तालुके, पण त्यांचे आकडे सिंधुदुर्गाच्या जातकुळीचे. पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ठरवणारा किंवा डिलिव्हरीचे दिवस मोजणारा फॉर्म इथे हमखास फसतो. सहाही आकडे घेऊन टपाल खात्याच्या यादीशी ताडून पाहणे एवढाच खात्रीचा मार्ग. ही यादी सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते, त्यामुळे छोट्या दुकानदारालाही तो परवडतो.

नावांचा घोळ

अक्षरांवरून सुचवणाऱ्या साधनांना नामसाम्य नडते. ‘मुरूड’ टाकले की तीन गावे पुढे येऊ शकतात : जंजिऱ्याजवळचे रायगड जिल्ह्यातले, हर्णैजवळचे दापोली तालुक्यातले आणि थेट लातूर जिल्ह्यातले. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही. नांदगाव कणकवलीजवळ, रायगडच्या किनाऱ्यावर आणि नाशिक जिल्ह्यातसुद्धा. सूचनेच्या ओळीत तालुका आणि जिल्हा दिसत नसेल तर ग्राहक पहिल्या नावावर बोट ठेवतो आणि पार्सल घाट चढून जाते.

त्यात रोमन लिपीची भर. बहुतेक फॉर्म पत्ता इंग्रजीतून मागतात आणि गावांची स्पेलिंगे एकसारखी नाहीत. मालवणातल्या ‘व’साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. देवगडाच्या स्पेलिंगात कोणी ‘व’ ठेवतो, कोणी गाळतो. वेंगुर्ले की वेंगुर्ला, हर्णै की हर्णे, हा घोळ तर मराठीतच आहे. कोळथरेतला ‘ळ’ रोमनमध्ये गेला की त्याचा ‘ल’ होतो आणि परत देवनागरीत येताना कोलथरे होऊन येतो. म्हणून चांगले साधन अक्षराला अक्षर न जुळवता उच्चाराच्या जवळपासची नावेही शोधते.

नावे बदलतातही. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला आणि रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर. पालघर वेगळा होण्याआधीची यादी वापरणारे दुकान डहाणूच्या ग्राहकाला ठाणे जिल्ह्यातच ठेवते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. कोकणातल्या कितीतरी वाड्या जातीच्या नावाने ओळखल्या जात असल्याने हा बदल इथे जास्त जाणवणारा. साधनाने जुने नाव शोधासाठी ओळखावे, पण पार्सलच्या लेबलवर छापू नये, असे या नोंदीच्या लेखकाला वाटते.

वाडी आणि खूण

कोकणी पत्त्याचा जीव वाडीत असतो. ‘मु. पो.’, तालुका, जिल्हा ही चौकट झाली. माणूस सापडतो तो वरचीवाडी, मधलीवाडी, कोळीवाडा किंवा मोहल्ल्यात. रस्त्याला नाव नसते. ग्रामपंचायतीचा घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवर असतो, पण तो विचारत कोणी येत नाही. एका वाडीत आडनाव बहुधा एकच, त्यामुळे तेही निरुपयोगी. मग खुणा येतात : पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून उजवीकडे, पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे, सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) देवळामागे, चिऱ्याच्या गडग्याला (जांभ्या दगडाच्या कुंपणाला) लागून. दक्षिणेकडे पऱ्याचा व्हाळ होतो.

शहरी बेताचा फॉर्म नेमके हेच फेकून देतो. यादीतलेच नाव निवडायची सक्ती असेल तर वाडी लिहायला जागा उरत नाही. ओळीला अक्षरांची मर्यादा असेल तर शेपूट कापले जाते, आणि खूण तर शेपटातच असते. फॉर्मात बंगला क्रमांक आणि रस्ता सक्तीचा असेल तर ग्राहक तिथे ठिपके नाहीतर शून्य टाकून मोकळा होतो. संगणकाच्या दृष्टीने पत्ता पूर्ण, पोचवणाऱ्याच्या दृष्टीने कोरा.

यावर जमणारा क्रम साधा आहे. पिनकोड शेवटी न विचारता आधी विचारावा. त्यावरून तालुका आणि जिल्हा आपोआप भरावा. त्या कोडाखालच्या गावांची यादी दाखवावी. वाडी, घर आणि खूण यांसाठी मोकळी, ऐसपैस चौकट ठेवावी. सुचवलेले सगळे खोडता आले पाहिजे.

नकाशावरची टाचणी

नकाशावर बोटाने टाचणी रोवण्याची सोय या भागात खरी उपयोगी, पण तिलाही किनाऱ्याची खोड कळायला हवी. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत, मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोटीने काही मिनिटे, रस्त्याने जायचे तर चिपळूणकडून लांबलचक वळसा. एक दापोली तालुक्यात, दुसरे गुहागरात. सरळ रेषेत सर्वांत जवळचे केंद्र शोधणारी यंत्रणा पार्सल खाडीच्या चुकीच्या काठावर आणून ठेवते.

२७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्याने तयार झालेली ही दहा अक्षर-अंकांची खूण देशाची सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटींत वाटणी करते. ती अक्षांश-रेखांशांवरून निघते, तेव्हा वाडीचे नाव बदलले, जिल्हा फुटला तरी ती तशीच. जाळे समुद्रावरही पसरलेले असल्याने मासेमारीला गेलेल्या होडीखालच्या पाण्यालाही डिजिपिन आहे. पार्सल तेवढे तिथे जात नाही. अडचण अशी की माडा-आंब्याच्या दाट सावलीत मोबाइलचा ठिकाणाचा अंदाज चार मीटरपेक्षा जास्त हलतो आणि खूण शेजाऱ्याच्या खळ्यात पडते. चार मीटरच्या नेमकेपणाचा दावा इथे थोडा सैल धरावा. आणि डिजिपिन पिनकोडची जागा घेत नाही, त्याला जोड म्हणून येतो.

आंब्याचा हंगाम

आतापर्यंत कोकणात येणाऱ्या पार्सलचे पाहिले. उलट दिशेला हापूस जातो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. स्वतःच्या संकेतस्थळावर पेटी विकणाऱ्या बागायतदाराचा ग्राहक मुंबई-पुण्याच्या सोसायटीत असतो. तिथे अक्षरांवरून सुचवणारे साधन चोख चालते, फक्त विंग आणि फ्लॅट क्रमांक वेगळा विचारावा लागतो. पुस्तकाचे पार्सल पत्ता चुकून परत आले तर पुन्हा पाठवता येते. पेटी मात्र वाटेतच पिकत असते. असे परत आलेले पार्सल म्हणजे विक्रेत्यांच्या बोलीत ‘आरटीओ’, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’ (गाड्यांच्या पासिंगशी संबंध नाही), आणि आंब्यात आरटीओ म्हणजे सरळ नुकसान. नकाशा-सेवा प्रत्येक शोधाचे पैसे लावतात, पण दोन महिन्यांच्या हंगामात हा खर्च एक-दोन वाचलेल्या पेट्यांतही निघू शकतो.

किनाऱ्यावरच्या गावात पत्ता कितीही नीट भरला तरी शेवटी डिलिव्हरीवाल्याचा फोन येतोच. पावसाळ्यात रेंज गेली की तोही नाही. लोकांनी यावर तोडगा काढलेला आहे : पार्सल तिठ्यावरच्या दुकानात, नाहीतर एसटी स्टँडसमोरच्या ओळखीच्या टपरीत ठेवायला सांगतात. गणपतीआधी मुंबईहून गावच्या घरी सामान मागवणारा चाकरमानी हीच सूचना पत्त्याच्या चौकटीत कोंबून लिहितो. फॉर्मात ‘इथे ठेवा’ अशी वेगळी ओळ आणि दुसऱ्या माणसाचा फोन नंबर द्यायला जागा असेल, तर त्याला ती कोंबावी लागत नाही.