ब्लूटूथ अडखळतंय? आधी घरचं वायफाय कुठल्या बँडवर आहे ते बघा

रात्री नऊ-साडेनऊला सगळे घरी आले की कानातले बड्स अडखळायला लागतात, गाणं मध्येच तुटतं, माउस उड्या मारतो, आणि सकाळी सहाला मात्र हेच सगळं एकदम व्यवस्थित चालतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भरपूर जणांचा हा अनुभव आहे. मग लोक बड्स खराब झाले म्हणून नवीन घेतात आणि चार दिवसांनी परत तेच रडगाणं. माझं कळकळीचं सांगणं आहे की पैसे घालवायच्या आधी राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या, कारण बऱ्याचदा बड्सचा काही दोषच नसतो.

भानगड अशी की ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरावीक पट्टीत, आणि वायफायचा जुना बँडही तोच. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झची पट्टी. ती वापरायला लायसन्स लागत नाही (आपल्याकडे २००५ पासून), त्यामुळे तुमचा राऊटर, शेजाऱ्यांचा राऊटर, वायरलेस माउस, स्मार्ट प्लग सगळे तिथंच येऊन बसलेत, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, त्यातनं थोडं बाहेर झिरपतंच.

आता या पट्टीत दोघांची वागायची पद्धत अगदी वेगळी आहे. वायफाय २० मेगाहर्ट्झचा एक रुंद चॅनेल धरून बसतं आणि बोलायच्या आधी ऐकतं, कोणी बोलत असेल तर थांबतं. ब्लूटूथ, म्हणजे आपले नेहमीचे हेडफोन वापरतात ते, १ मेगाहर्ट्झचे ७९ बारीक चॅनेल करतं आणि सेकंदाला १६०० वेळा उडी मारत फिरतं, एका जागी फक्त ६२५ मायक्रोसेकंद. ते ऐकायला बिलकुल थांबत नाही. त्यामुळे उडी वायफायच्या चॅनेलमध्ये पडली आणि त्याच क्षणी राऊटर बोलत असला की टक्कर, पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) गेलं, परत पाठवा. फाइल जात असेल तर परत पाठवण्यानं काही बिघडत नाही, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच, पण गाण्याचं तसं नाही, बड्समध्ये पुढचा थोडासाच आवाज साठवलेला असतो, तो संपेपर्यंत पुढचं पॅकेट आलं नाही की आवाज तुटतो.

यावरचा उपाय ब्लूटूथवाल्यांनी २००३ मध्येच आणला, १.२ व्हर्जनमध्ये. कुठल्या चॅनेलवर सारखा मार बसतोय याची नोंद ठेवायची आणि उड्या मारताना तेवढे चॅनेल टाळायचे, फक्त निदान २० चॅनेल तरी हातात राहिले पाहिजेत. मला स्वतःला हा सगळा प्रकार फार सुंदर वाटतो, कारण घरात एकच राऊटर असेल तर ७९ पैकी साधारण २२ चॅनेल जातात आणि उरलेल्यावर ब्लूटूथ आरामात चालतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. घोळ होतो तो बिल्डिंगमध्ये. तुमचा राऊटर वायफायच्या चॅनेल १ वर, वरच्यांचा ६ वर, समोरच्यांचा ११ वर (हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, पण मिळून बहुतेक पट्टी व्यापतात), आणि रात्री सगळ्यांकडे टीव्हीवर काहीतरी चालू. मग चुकवून जायचं तरी कुठं?

त्यातच बऱ्याच राऊटरमध्ये २.४ बँडची रुंदी ४० मेगाहर्ट्झ किंवा ऑटो ठेवलेली असते. ४० म्हणजे अर्धी पट्टी एकट्यानं खाल्ली. ती सरळ २० करा. चॅनेल १, ६ नाहीतर ११ पैकीच निवडा. कोणीतरी ॲपमध्ये बघून सांगतं की ३ किंवा ४ मोकळा आहे, तो घ्या. तसं करू नका. त्यानं १ वाल्याला आणि ६ वाल्याला दोघांनाही त्रास होतो, शिवाय अजून एक बारीक गोष्ट आहे. स्मार्टवॉच, फिटनेस बँड यांच्यात जे कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ असतं ते ‘मी इथे आहे’ हे सांगायला मुख्यतः तीनच चॅनेल वापरतं, २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर. हे तीन मुद्दाम असे निवडलेत की वायफायच्या १, ६, ११ च्या कडेला किंवा मधल्या फटीत बसावेत. तुम्ही ३ किंवा ४ लावला की २४२६ ची फट बुजली, १३ लावला की २४८० गेला, आणि मग घड्याळ फोनला सापडायला वेळ लावतं.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो वायफायचा जड माल ५ गिगाहर्ट्झवर नेल्यानं. ब्लूटूथ तिकडे नसतंच. फोन, लॅपटॉप, टीव्ही ५ वर टाका आणि २.४ वर फक्त स्मार्ट प्लग, बल्ब, जुना प्रिंटर असली हलकी मंडळी राहू द्या. अडचण एकच, हल्ली राऊटर दोन्ही बँडना एकच नाव देतो आणि फोन कधी गुपचूप २.४ वर जाऊन बसतो ते कळत नाही, म्हणून सेटिंगमध्ये दोन वेगळी नावं द्या. ५ चा सिग्नल भिंतीतनं कमी जातो हे खरं, त्यामुळे राऊटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर न ठेवता घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा.

लॅपटॉपमध्ये तर हे अजून महत्त्वाचं आहे, कारण वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच चिपवर असतात, कितीदा अँटेनाही एकच. दोघं २.४ वर असले की पाळीपाळीनं बोलावं लागतं, म्हणून मोठं डाउनलोड लावलं की हेडफोन तुटतो आणि हेडफोन लावला की डाउनलोड रखडतं. वायफाय ५ वर गेलं की ही ओढाताण बरीचशी संपते.

यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारी असेल तर तीही बघा. इंटेलनं २०१२ मध्येच दाखवून दिलंय की यूएसबी ३ च्या केबल आणि कनेक्टरमधून नेमका २.४ च्या बँडमध्ये रेडिओ लहरींचा गोंगाट सांडतो (कानाला ऐकू येणारा नव्हे). माउसचा किंवा ब्लूटूथचा डाँगल (पोर्टमध्ये खोचायचा छोटा तुकडा) त्याच्या अगदी शेजारच्या पोर्टला असेल तर दुसऱ्या बाजूला लावा, नाहीतर यूएसबीची छोटी एक्स्टेंशन वायर घेऊन डाँगल थोडा लांब आणा.

आणि आपलं शरीर! त्यात पाणी भरपूर, २.४ चा सिग्नल ते चांगलाच शोषून घेतं. फोन मागच्या खिशात ठेवला की मध्ये अख्खं शरीर येतं. घरात भिंतींवरून परतून थोडा सिग्नल कानापर्यंत पोचतो, मैदानावर चालायला गेलात तर तोही आधार नाही, म्हणून वायफाय मैलभर नसतानाही तिथं बड्स तुटतात. घरात कोणाचं श्रवणयंत्र ब्लूटूथवर असेल तर हे त्यांना आवर्जून सांगा, फोन शर्टाच्या खिशात ठेवला तरी मोठा फरक पडतो, आणि त्यांच्यासाठी तुटणारा शब्द म्हणजे अर्धवट राहिलेलं बोलणं असतं.

एक तक्रार मात्र वायफायच्या खात्यावर उगाच मांडली जाते. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की हेडफोनचा आवाज एकदम डब्यातनं आल्यासारखा होतो. तुटत नाही, फक्त दर्जा पडतो. बहुतेक हेडफोनमध्ये माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याचा मोड सोडून फोन कॉलच्या मोडवर जातं आणि आवाज दोन्ही बाजूंनी न्यायचा म्हणून दर्जा कमी करतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा, आवाज बहुतेक वेळा लगेच पहिल्यासारखा होतो.