डाएट चार्ट मागायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बरेच जण खुर्चीत बसायच्या आतच सांगतात, मला फक्त चार्ट द्या, बाकी मी बघतो. चार्ट पाच मिनिटांत होतो हो, पण रात्री अकराला बिस्किटाचा पुडा फुटतो तेव्हा तो फ्रिजवर नुसता चिकटलेला असतो, म्हणून हा कागद, पहिल्या भेटीआधी वाचून या.

आधी त्या ‘मला खायचं व्यसनच लागलंय’ बद्दल. खाण्याचं व्यसन हे खरंच दारू-तंबाखूसारखं व्यसन आहे का यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. २००९ मध्ये येल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी व्यसनाचे निकष खाण्याला लावून एक प्रश्नावली बनवली, ती आजही वापरतात, पण मानसिक आजारांचं जे अमेरिकन मॅन्युअल सगळीकडे वापरलं जातं त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत फूड अॅडिक्शन नाही, बिंज इटिंग डिसऑर्डर, म्हणजे वरचेवर ताबा सुटून भरमसाट खाण्याचा आजार, मात्र आहे. आम्ही या वादात पडत नाही. त्रास खरा आहे एवढं पुरे, आणि दारू कायमची सोडता येते, जेवण सोडता येत नाही, रोज त्याच्याशी गाठ आहेच, त्यामुळे नुसतं ‘बंद करा’ म्हणून काही होत नाही.

आता मुद्द्याचं. रात्रीची खादाडी बहुतेक वेळा सकाळीच ठरलेली असते. सकाळी नुसती कॉफी, दुपारी चार काकड्या, संध्याकाळपर्यंत कसंबसं रेटलं आणि मग रात्री जे काही होतं त्याला आपण म्हणतो माझ्यात कंट्रोलच नाही. अहो कंट्रोल कमी नाहीये, शरीर वसुली करतंय. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने जवळपास निम्म्या कॅलरींवर ठेवलं होतं. ही माणसं दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागली, रेसिपीची पुस्तकं घेऊन बसायची, आणि पुन्हा पोटभर मिळायला लागलं तरी काही जणांचं कितीही खाऊन समाधान होईना. यांना आधी खाण्याचं कसलंही व्यसन नव्हतं बरं का.

म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही तुमच्याकडून काहीही काढून घेत नाही. फक्त जेवणाच्या वेळा पक्क्या करायच्या, प्रत्येक जेवणात प्रोटीन हवं, आणि भूक लागल्यावर चार-पाच तास ताणायचं नाही. लोकांना हे पटत नाही, खायला सांगतायत आणि म्हणे वजन कमी होणार, पण दिवसा पोट नीट भरलं की रात्रीचा जोर बऱ्याच जणांचा आपोआप कमी होतो आणि मग उरलेल्या सवयींवर काम करता येतं.

उरतं ते क्रेव्हिंग. भूक हळूहळू वाढते आणि समोर येईल ते चालतं, क्रेव्हिंग एकदम येतं आणि त्याला तीच एक गोष्ट हवी असते. त्याच्याशी भांडत बसू नका, ती लाट असते, चढते आणि उतरते, पंधरा-वीस मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, कुणाला तरी फोन लावा, आंघोळ करा. दरवेळी जमेल असं नाही. नाहीच जमलं तर ती गोष्ट प्लेटमध्ये काढून, बसून, मोबाईल बाजूला ठेवून खा. पाकिटातून खाऊ नका एवढा एक नियम मात्र आमचा कडक आहे.

पाकिटाचा एवढा राग का, तर २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अल्ट्रा प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद खाणं, आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखेच, हवं तेवढं खायची मुभा. तरी प्रोसेस्डवर लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि वजन जवळपास एक किलोने वाढलं. म्हणजे दोष सगळा तुमच्या मनाचा नाही, काही पदार्थच असे असतात की हात थांबत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांनंतर काही सोडायचंच तर कोल्ड्रिंक तेवढं पहिलं सोडा, ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते आणि पोट काही भरत नाही. झोप कमी झाली तरी भूक वाढते, तेही बघा.

एक दिवस घसरलात तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून शिक्षा करून घेऊ नका, पुढचं जेवण वेळेवर घ्या, बास. याच कारणासाठी आम्ही चीट डे देत नाही, सहा दिवस दाबायचं आणि सातव्या दिवशी सुटायचं, ही खादाडीचीच प्रॅक्टिस झाली. आणि २१ दिवसांत सवय लागते वगैरे विसरा, लंडनच्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तरी भरपूर झालं. महिन्यात दहा किलोची गॅरंटी हवी असेल तर आमच्याकडे ती नाही.

काही गोष्टी आमच्या हातातल्या नाहीत. खाऊन मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, किंवा आठवड्यातून एकदा तरी ताबा सुटून पोट दुखेपर्यंत खाणं आणि हे काही महिने चालू असणं, असं असेल तर आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ, लाजू नका, यावर उपचार आहेत. इन्शुलिन किंवा डायबेटीसच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते. स्टिरॉइड आणि काही मानसिक आजारांच्या औषधांनीही भूक वाढते, ती स्वतःहून बंद करायची नाहीत.

येताना चालू औषधांची चिठ्ठी आणा आणि तीन दिवस काय, किती वाजता, कुठे बसून खाल्लं ते लिहून आणा, त्यातला एक दिवस सुट्टीचा असू दे. वजन नाही लिहिलं तरी चालेल, आणि लपवून खाल्लेलंही लिहा, आम्ही ओरडत नाही.