लाकडी दिसणारी टाईल भिजत घालू नका

‘टाईल रात्रभर पाण्यात ठेवा, मगच लावा,’ हे बेळगाव-खानापूर भागातले जुने गवंडी आजही सांगतात. त्यांचं ऐकून कारवारला समुद्राकाठी घर बांधणारेही लाकडी डिझाइनच्या पोर्सेलीन टाईल पिंपात बुडवतात. कृपया हे थांबवा.

सल्ला मुळात खोटा नाही, तो दुसऱ्या टाईलचा आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाईल पाणी पिते. कोरडी लावली तर सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चं राहतं. पोर्सेलीन मात्र वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. भिजवलं तरी पाणी आत जात नाही, पाठीवर थर धरून बसतं आणि पकड तिथेच सुटते. मग ठोकलं की पोकळ आवाज येतो.

हिला टाईल अ‍ॅडेसिव्हच, म्हणजे टाईल चिकटवायचा तयार मसालाच हवा. पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, दातेरी थापीने जमिनीवर मसाला ओढा आणि टाईलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. लांब टाईल मध्ये किंचित कमानीसारखी असते. विटांसारखा अर्ध्यावर सांधा धरला तर कडा पायाला लागतात. एक तृतीयांशावर धरा. सांधा ३ मिमीचा ठेवा, भिंतीकडेला फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाका.

पावसाळ्यात फरशीला घाम सुटतो, तोही टाईलमधून येत नाही. दमट हवेतली वाफ गार फरशीवर निवते, एवढंच. पण ओल्या फरशीवर पाय घसरतो, म्हणून गुळगुळीत चकाकीची नको, मॅट घ्या.